सीझियमचा सोनेरी रंग आणि गाभ्यातले इलेक्ट्रॉन : साध्या धातूंच्या प्रकाशीय प्रतिसादाविषयी

घनावस्था_नागपूर (धागाकर्ता)

सीझियम शुद्ध स्वरूपात फिकट सोनेरी दिसतो. त्याच्याच स्तंभातले सोडियम आणि पोटॅशियम ताजे कापले असता चांदीसारखे पांढरे दिसतात. सोने आणि तांबे यांच्या रंगामागे त्यांचा भरलेला डी-पट्टा (डी-कक्षकांतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा पट्टा) असतो हे आपण सगळेच शिकलेलो आहोत, पण सीझियममध्ये भरलेला डी-पट्टा फर्मी पातळीच्या (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेच्या) आसपास कुठेही नाही. तरीही तो रंगीत का, याचा माग काढत गेले की ज्या इलेक्ट्रॉनांना आपण एरवी हिशेबातच धरत नाही त्या गाभ्यातल्या, म्हणजे आयनाच्या आतल्या भरलेल्या कवचांतल्या इलेक्ट्रॉनांपाशी येऊन थांबावे लागते. त्यासाठीच हा धागा काढला आहे.

नागपुरात एम.एस्सी.ला घनावस्था भौतिकी शिकवताना ड्रूड प्रतिमान (धातूतले वहन इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात असे मानणारे) संपले की अल्कली धातूंच्या अतिनील पारदर्शकतेचा तक्ता फळ्यावर येतोच. हे धातू दृश्य प्रकाश परत फेकतात, पण एका ठरावीक तरंगलांबीच्या खाली अतिनील किरण त्यांच्या पातळ थरांतून आरपार जातात, असे आर. डब्ल्यू. वूड यांनी दाखवले आणि १९३३ साली झेनर यांनी त्याचे स्पष्टीकरण मुक्त इलेक्ट्रॉनांच्या आधारे दिले. प्लाझ्मा वारंवारतेपेक्षा (वहन इलेक्ट्रॉनांचा समूह एकत्र आंदोलित होण्याच्या वारंवारतेपेक्षा) कमी वारंवारतेचा प्रकाश परावर्तित होतो आणि जास्त वारंवारतेचा आत शिरतो, आणि ही वारंवारता केवळ वहन इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते, इतके ते सोपे आहे. सिद्धांतानुसार पारदर्शकतेची सीमा लिथियमसाठी सुमारे १५०, सोडियमसाठी २००, पोटॅशियमसाठी २८०, रुबिडियमसाठी ३१० आणि सीझियमसाठी ३५० नॅनोमीटर येते. प्रत्यक्षात मिळालेले आकडे याच क्रमाने २००, २१०, ३१०, ३६० आणि ४४० आहेत.

लिथियम क्षणभर बाजूला ठेवून बाकीच्या चौघांकडे पाहिले तर फरक सोडियममध्ये ५ टक्के आहे, पोटॅशियममध्ये ११, रुबिडियममध्ये १६ आणि सीझियममध्ये जवळपास २६ टक्के आहे. प्रायोगिक चूक अशी शिस्तीत वाढत जात नाही. स्तंभात खाली जाताना जे वाढत जाते ते आयनाचे आकारमान, आणि त्याबरोबर त्याच्या गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनांची विद्युतक्षेत्राने हलण्याची तयारी, म्हणजे ध्रुवणीयता. पाउलिंग यांनी दिलेली आयनांची मूल्ये घन अँगस्ट्रॉममध्ये अशी आहेत : लिथियम ०.०२९, सोडियम ०.१७९, पोटॅशियम ०.८३, रुबिडियम १.४० आणि सीझियम २.४२. हे आयन मुक्त इलेक्ट्रॉनांच्या समुद्रात बुडालेले आहेत, त्यामुळे इलेक्ट्रॉन निर्वातात नव्हे तर एका परावैद्युत माध्यमात आंदोलित होतात. त्या माध्यमाच्या परावैद्युतांकाच्या वर्गमुळाने प्लाझ्मा वारंवारतेला भागले पाहिजे.

सीझियमचा हिशेब येथेच मांडतो. दर घन नॅनोमीटरला ९.१ आयन आहेत, म्हणजे दर घन अँगस्ट्रॉमला ०.००९१. त्याला २.४२ ने आणि पुढे ४ × ३.१४ ने गुणले की ०.२७७ मिळतात. क्लॉझियस-मोसोट्टी सूत्राने शेजारच्या आयनांच्या क्षेत्राची दुरुस्ती केली की ते ०.३०५ होतात. परावैद्युतांक १.३०५, त्याचे वर्गमूळ १.१४, आणि ३५० ला त्याने गुणले की ४०० नॅनोमीटर. याच पद्धतीने सोडियम २०६, पोटॅशियम ३०१ आणि रुबिडियम ३४२ वर येतो. म्हणजे अर्ध्याहून अधिक तफावत एका साध्या दुरुस्तीत भरून निघते, आणि तीही एकही संख्या हाताने न जुळवता.

मुक्त इलेक्ट्रॉनांचेच राज्य असते तर सीझियमची सीमा ३५० नॅनोमीटरला, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील भागात पडली असती आणि तो बाकीच्यांसारखा पांढरा दिसला असता. गाभ्याने ती दृश्य प्रकाशाच्या उंबरठ्यावर आणली, राहिलेले अंतर ऊर्जापट्ट्यांनी पार केले, आणि जांभळ्या-निळ्या भागाचे परावर्तन कमी झाल्यामुळे उरलेला प्रकाश पिवळट झाला. (हा धातू २८.५ अंश सेल्सियसला वितळतो, तेव्हा आपल्याकडे मे महिन्यात त्याची कुपी कपाटात ठेवली तर तो सोनेरी द्रवच असेल.)

ज्यांनी या विषयावर काम केले आहे त्यांनी कृपया भर घालावी.

वर्धा_रोड

सर, आकडे पटले, पण कारण अजून गळी उतरत नाही. सोडियमच्या गाभ्यातल्या २पी इलेक्ट्रॉनला बाहेर काढायला सुमारे ३१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. पोटॅशियमच्या ३पी ला १८ आणि सीझियमच्या ५पी ला १२ च्या आसपास लागतात. आपण ज्या प्रकाशाबद्दल बोलत आहोत त्याच्या फोटॉनची ऊर्जा ३ ते ६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. गाभ्यातले इलेक्ट्रॉन हा प्रकाश शोषूच शकत नसतील तर ते प्रतिसादात भाग कसा घेतात? आणि दुसरे असे की गाभ्यामुळे वारंवारता कमीच का व्हावी, वाढू का नये?

घनावस्था_नागपूर

दोन्ही प्रश्न मुळाशी जाणारे आहेत.

शोषण न होणे आणि प्रतिसाद न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच दृश्य प्रकाश शोषत नाही, तरी तिचा अपवर्तनांक १.५ असतो, आणि तो १ पेक्षा जास्त असण्याचे कारण काचेचे अतिनील भागातले शोषण हेच आहे. क्रेमर्स-क्रोनिग संबंध नेमके हेच सांगतात की परावैद्युत फलनाचा (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या परावैद्युतांकाचा) वास्तव भाग प्रत्येक वारंवारतेला सर्व वारंवारतांवरील शोषणाने मिळून ठरतो. वरच्या ऊर्जेला असलेले शोषण खालच्या ऊर्जेला एक जवळजवळ स्थिर, धन भर घालते. सोडियमचा ३१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा उंबरठा ६ इलेक्ट्रॉनव्होल्टला शोषणाच्या रूपात दिसत नाही, पण परावैद्युतांकात ०.०६ म्हणून उभा असतो. उंबरठा जितका दूर आणि शोषणाची ताकद जितकी कमी, तितकी ही भर लहान असते. सीझियममध्ये उंबरठा १२ ला आणि प्लाझ्मॉन (प्लाझ्मा आंदोलनाचा ऊर्जा-पुंज) ३ च्या जवळ असल्यामुळे स्थिर क्षेत्रातली ध्रुवणीयता वापरणेही किंचित अपुरे पडते. वारंवारतेबरोबर ती काही टक्क्यांनी वाढते आणि सीमा आणखी थोडी लांब तरंगलांबीकडे सरकवते.

आता दिशेविषयी. मुक्त इलेक्ट्रॉनांचा परावैद्युत फलनातला वाटा ऋण असतो आणि वारंवारता वाढली की तो लहान होत जातो. निर्वाताचा वाटा १ असतो. ऋण वाटा घटत घटत १ इतका झाला की दोन्ही एकमेकांना छेद देतात आणि तिथे पारदर्शकता सुरू होते. गाभ्यामुळे धन वाटा १ ऐवजी १.३ झाला, तर ऋण वाटा अजून १.३ इतका मोठा असतानाच छेद होतो, म्हणजे तो आधीच, कमी वारंवारतेला होतो. भौतिक चित्र असे की वहन इलेक्ट्रॉनांचा समूह एका बाजूला सरकला की त्याला परत खेचणारे क्षेत्र तयार होते. प्रत्येक आयनाचा गाभा त्या क्षेत्रात किंचित ध्रुवित होऊन त्याचा काही भाग झाकतो. खेच कमी झाली की आंदोलन संथ होते. आंदोलनाची वारंवारता गाभ्याच्या स्वतःच्या वारंवारतेपेक्षा खाली आहे तोवर हे असेच घडणार.

धरमपेठ_निवृत्त

धागा वाचून आनंद झाला. पण आपण लिथियमला "क्षणभर बाजूला" ठेवले आणि मग तिकडे वळलाच नाहीत. या तक्त्यातली सर्वांत मोठी तफावत त्याचीच आहे : १५० च्या जागी २००, म्हणजे ३३ टक्के. लिथियमचा आयन सर्वांत लहान आणि ध्रुवणीयता सर्वांत कमी. आपल्याच सूत्राने दुरुस्ती एक टक्काही येत नाही. गाभा जितका मोठा तितकी तफावत मोठी, हा आपला सिद्धांत पहिल्याच घरात कोसळतो. इथे कुठेतरी पाणी मुरते आहे असे विद्यार्थ्याने म्हटले तर त्याला काय सांगाल?

माझे उत्तर मीच देतो, कारण पुष्कळ वर्षे वर्गात ते देत आलो आहे. लिथियममध्येही दोष गाभ्याचाच आहे, पण ध्रुवणाचा नाही. गाभ्याचा वहन इलेक्ट्रॉनांवर परिणाम दोन वाटांनी होतो. एक वाट आपण सांगितलीत, ती गाभ्याच्या हलण्याची. दुसरी वाट गाभ्याच्या नुसत्या असण्याची आहे. पाउलीच्या नियमामुळे वहन इलेक्ट्रॉनाचे तरंगफलन गाभ्यातल्या प्रत्येक भरलेल्या कक्षकाशी लंब असावे लागते. त्यामुळे गाभ्याच्या प्रदेशात त्याला जास्तीच्या गाठी पडतात, गतिज ऊर्जा वाढते, आणि परिणामी एक प्रतिकर्षण निर्माण होते जे केंद्रकाचे प्रखर आकर्षण बव्हंशी रद्द करते. फिलिप्स आणि क्लाइनमन यांनी १९५९ मध्ये हेच स्यूडोपोटेन्शियलच्या, म्हणजे हे रद्द होणे धरून उरणाऱ्या दुबळ्या पोटेन्शियलच्या, भाषेत मांडले. सोडियम आणि ॲल्युमिनियम "साधे" का वागतात याचे खरे कारण हे रद्द होणे आहे.

लिथियमच्या गाभ्यात फक्त १एस आहे. एस-प्रकारच्या तरंगाला त्याच्याशी लंब राहावे लागते आणि त्याचे आकर्षण रद्द होते. पी-प्रकारच्या तरंगाला मात्र लंब राहण्यासाठी गाभ्यात कोणी पी नाहीच, त्यामुळे तो केंद्रकाचे आकर्षण पुरेपूर भोगतो. सोडियममध्ये २पी आहे, म्हणून तिथे दोन्ही प्रकार सारखेच शांत होतात. परिणाम असा की लिथियमच्या ब्रिलुआँ क्षेत्राच्या (स्फटिकजाळीने ठरणाऱ्या संवेगांच्या मूळ क्षेत्राच्या) सीमेवरची ऊर्जेची फट सोडियमपेक्षा कितीतरी मोठी असते, पट्ट्या-पट्ट्यांमधली संक्रमणे दुबळी राहत नाहीत, आणि प्लाझ्मॉन ८.० वरून ७.१ इलेक्ट्रॉनव्होल्टवर उतरतो. म्हणजे पोटॅशियममध्ये गाभ्यात बरेच काही आहे म्हणून सीमा सरकते, आणि लिथियममध्ये गाभ्यात काहीतरी नाही म्हणून सरकते.

घनावस्था_नागपूर

सर, हे याहून नेमके मांडता आले नसते. यावर एकच भर घालतो. दुसरी वाट सोडियम आणि पोटॅशियममध्येही बंद नाही, फक्त अरुंद आहे. मुक्त इलेक्ट्रॉनाला फोटॉन शोषता येत नाही, कारण ऊर्जा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत. आयनांच्या जाळीने थोडा संवेग पुरवला तरच पट्ट्या-पट्ट्यांमधले शोषण होते. अंतःकेंद्रित घनाकृती जाळीसाठी त्याचा उंबरठा फर्मी ऊर्जेच्या ०.६४ पट येतो, म्हणजे सोडियममध्ये सुमारे २.१ आणि पोटॅशियममध्ये सुमारे १.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्या शोषणाची उंची स्यूडोपोटेन्शियलच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून प्रयोगातून ती मोजली की गाभा किती चांगला झाकला गेला आहे याचा थेट अंदाज येतो.

अजनी_जंक्शन

माझा आक्षेप मोजमापाबद्दल आहे. पदवीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या प्रत्येकाने घासलेटच्या बाटलीतून काढलेला सोडियमचा तुकडा चाकूने कापून पाहिला असेल. कापलेली बाजू क्षणभर आरशासारखी चमकते आणि बघता बघता तिच्यावर राखाडी साय धरते. जुलै-ऑगस्टच्या नागपुरी हवेत तर टिपकागदाने घासलेट पुसेपर्यंत ती चमक मावळते. पोटॅशियम त्याहून वाईट. अशा पृष्ठभागावरून आलेल्या आकड्यांत २ आणि ५ टक्क्यांच्या दुरुस्त्या शोधणे कितपत योग्य आहे? पोटॅशियममध्ये १९६३ साली मायर आणि एल नाबी यांनी उंबरठ्याच्या खालीच शोषणाचे एक मोठे शिखर नोंदवले होते. ओव्हरहाउझर यांनी त्यावर विद्युतभार-घनता तरंगांचा (वहन इलेक्ट्रॉनांच्या घनतेत पडणाऱ्या स्थिर लाटांचा) सिद्धांत उभारला, आणि पुढे एन. व्ही. स्मिथ यांच्या १९६९ च्या मोजणीत ते शिखर दिसलेच नाही. पृष्ठभाग धड नसेल तर सिद्धांतसुद्धा भरकटतात याचे हे उदाहरण आहे.

घनावस्था_नागपूर

आक्षेप योग्य आहे आणि स्मिथ यांचे उदाहरण अचूक आहे. त्यांनी सोडियम आणि पोटॅशियम यांची प्रकाशीय स्थिरांके ०.५ ते ४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात इलिप्सोमेट्रीने मोजली, म्हणजे परावर्तनाची केवळ तीव्रता न घेता ध्रुवणातला बदलही घेतला.

पण गाभ्याच्या ध्रुवणाचा पुरावा केवळ परावर्तनावर उभा नाही. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत पातळ थरातून आरपार पाठवला आणि त्याने किती ऊर्जा गमावली ते मोजले की प्लाझ्मॉन थेट शिखर म्हणून दिसतो, आणि हे मोजमाप मुख्यतः थराच्या अंतर्भागाचे असते, सायीचे नसते. या पद्धतीने सोडियमचा प्लाझ्मॉन ५.७, पोटॅशियमचा ३.७, रुबिडियमचा ३.४ आणि सीझियमचा २.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ मिळतो. कमी तापमानाच्या घनतेवरून मुक्त इलेक्ट्रॉनांचे आकडे ६.०, ४.४, ४.० आणि ३.५ येतात, आणि गाभ्याची दुरुस्ती करून ५.९, ४.१, ३.६ आणि ३.१. दोन स्वतंत्र मोजमापे एकाच दिशेला आणि जवळपास एकाच प्रमाणात बोट दाखवत असतील तर पृष्ठभागाला दोष देता येत नाही.

अजनी_जंक्शन

मान्य. मग दुसरा आक्षेप, आणि हा मला अधिक गंभीर वाटतो. आपण पाउलिंग यांची मूल्ये घेतलीत. टेसमन, कान आणि शॉकली यांनी १९५३ मध्ये अल्कली हॅलाइड स्फटिकांच्या अपवर्तनांकावरून काढलेली मूल्ये बरीच मोठी आहेत : सोडियम ०.४१, पोटॅशियम १.३३, रुबिडियम १.९८, सीझियम ३.३४. ती आपल्याच सूत्रात घातली तर सीमा सोडियमसाठी २१४, पोटॅशियमसाठी ३१४, रुबिडियमसाठी ३५६ आणि सीझियमसाठी ४२० नॅनोमीटर येतात. प्रयोगाशी ही जुळणी पाउलिंगपेक्षा कितीतरी चांगली आहे. तरी आपण कमी जुळणारी मूल्ये का निवडलीत? की जी हवी ती ध्रुवणीयता निवडून हवे ते उत्तर काढता येते?

घनावस्था_नागपूर

हाच प्रश्न कोणी तरी विचारावा अशी इच्छा होती.

जुळणी चांगली येते म्हणून कारण बरोबर ठरत नाही. स्फटिकाच्या अपवर्तनांकातून फक्त धन आणि ऋण आयनांच्या ध्रुवणीयतांची बेरीज मिळते. ती बेरीज दोघांत कशी वाटायची हे प्रयोग सांगत नाही, त्यासाठी वेगळे गृहीतक करावे लागते. क्लोराइड किंवा ब्रोमाइड आयन मोठा आणि सैल असतो, त्यामुळे त्याच्या खात्यातली थोडीशी रक्कम इकडे-तिकडे झाली तरी सोडियमच्या खात्यात ती दुपटीने दिसते. उलट पाउलिंग यांनी आपली मूल्ये १९२७ साली एकट्या आयनासाठी सिद्धांताने काढली होती, आणि आधुनिक अणुगणिते सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम आणि सीझियम या चौघांसाठी त्यांच्या जवळची, किंबहुना किंचित कमीच मूल्ये देतात. धातूतला गाभा बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी फारसा बदलत नाही, म्हणून एकट्या आयनाचे मूल्य धरणे अधिक सयुक्तिक आहे.

मग उरलेली तफावत कुठे जाते? ती ऊर्जापट्ट्यांच्या खात्यात जाते, म्हणजे धरमपेठच्या सरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वाटेने. पोटॅशियमपासून पुढे रिकामे डी-पट्टे फर्मी पातळीच्या वर फार दूर नसतात. सीझियममध्ये ५डी इतका जवळ येतो की वहन इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांतच तो मिसळतो. तिकडे होणाऱ्या संक्रमणांमुळेही धन भर पडते आणि सीमा आणखी सरकते. मोठी ध्रुवणीयता वापरली की हा सगळा भाग नकळत गाभ्याच्या नावावर जमा होतो आणि ताळा जुळल्याचे समाधान मिळते. म्हणूनच मला ४२० पेक्षा ४०० हे उत्तर अधिक प्रामाणिक वाटते. उरलेल्या ४० नॅनोमीटरांना कारण शोधावे लागते, आणि ते कारण आहे.

सूत्राबद्दलही थोडे बोलायला हवे. क्लॉझियस-मोसोट्टीमधली स्थानिक क्षेत्राची दुरुस्ती येथे फक्त आयन-आयन यांच्यात धरली आहे. वहन इलेक्ट्रॉन सर्वत्र जवळपास सारखे पसरलेले आहेत, ते गाभ्यातूनही जातात, म्हणून त्यांच्या ध्रुवणामुळे एखाद्या आयनाच्या जागी वेगळे स्थानिक क्षेत्र तयार होते असे मानलेले नाही. ही दुरुस्ती गाळली तर सीझियम ४०० ऐवजी ३९६ वर येतो, तेव्हा निष्कर्ष त्यावर अवलंबून नाही.

वाडी_नाका

आमचा संबंध ॲल्युमिनियमशी. शहराच्या या टोकाला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्रच असल्यामुळे या धातूबद्दल इथे सगळ्यांनाच जिव्हाळा. निर्वातात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या आरशाचे परावर्तन दृश्य भागात ९० टक्क्यांच्या वर असते, पण ८२५ नॅनोमीटरच्या आसपास ते ८७ टक्क्यांपर्यंत खाली येते आणि अवरक्तात पुन्हा चढते. ही खाच गाभ्यामुळे येते असे म्हणता येईल का? आणि ॲल्युमिनियममध्ये गाभ्याचे ध्रुवण किती?

घनावस्था_नागपूर

खाच गाभ्यामुळे येते, पण दुसऱ्या वाटेने. ॲल्युमिनियमच्या चौरस पृष्ठाला समांतर असे दोन पट्टे ब्रिलुआँ क्षेत्रात मोठ्या भागावर एकमेकांपासून सारख्याच अंतरावर चालतात. ते अंतर स्यूडोपोटेन्शियलच्या एका घटकाच्या दुप्पट, म्हणजे १.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. असंख्य संक्रमणे एकाच ऊर्जेला येऊन साचतात आणि ८२५ नॅनोमीटरची खाच तयार होते. हा परिणाम ॲशक्रॉफ्ट आणि स्टुर्म यांनी १९७१ मध्ये सविस्तर मांडला. स्यूडोपोटेन्शियल म्हणजे गाभ्याची सावलीच असल्यामुळे आरशातली ही खाच म्हणजे २पी इलेक्ट्रॉनांनी केंद्रकाचे आकर्षण किती रद्द केले आणि किती शिल्लक ठेवले याची नोंद आहे.

ध्रुवणाचा वाटा मात्र लहान आहे. त्रिधन आयन घट्ट असतो, ध्रुवणीयता ०.०५२. परावैद्युतांक १.०४ येतो आणि प्लाझ्मॉन १५.८ वरून १५.५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर उतरतो. मोजलेला आकडा १५.० ते १५.३ आहे. मॅग्नेशियममध्ये १०.९ वरून १०.६ होतो आणि मोजमापही १०.६ च देते, पण इतक्या सुंदर जुळणीवर मी फार भार टाकणार नाही.

ॲल्युमिनियममध्ये याहून मनोरंजक गोष्ट बेरजेच्या नियमात दिसते. शोषणाची एकूण ताकद इलेक्ट्रॉनांच्या संख्येइतकी असली पाहिजे. २पी चा उंबरठा ७२.५ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. त्याखालची सगळी ताकद मोजली तर अणुगणिक ३ मिळायला हवी, कारण वहन इलेक्ट्रॉन तीन आहेत. डी. वाय. स्मिथ (वरचे एन. व्ही. स्मिथ नव्हेत) आणि शाइल्स यांनी १९७८ मध्ये दाखवले की ती तीनपेक्षा किंचित जास्त भरते. गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनाला वर भरलेल्या अवस्थेत उडी मारता येत नाही, म्हणून गाभ्याची तेवढी ताकद बुडते, आणि वहन इलेक्ट्रॉनाला खाली भरलेल्या गाभ्यात पडता येत नाही, म्हणून त्याच्या खात्यातली ऋण नोंद टळते. एकूण बेरीज कायम राहते, पण काही रक्कम गाभ्याच्या खात्यातून वहन इलेक्ट्रॉनांच्या खात्यात जाते. गाभा इथे हलतही नाही आणि शोषतही नाही, केवळ जागा अडवून बसतो.

सीताबर्डी_ते_सदर

मग चांदीचे काय? तिचा प्लाझ्मॉन ९ ऐवजी ३.८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर येतो असे वाचले आहे.

घनावस्था_नागपूर

आकडे बरोबर आहेत, पण चांदीतले ४डी इलेक्ट्रॉन फर्मी पातळीच्या सुमारे ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खालीच असल्यामुळे त्यांना गाभा म्हणणे अवघड आहे, आणि चांदी या धाग्यातल्या अर्थाने साधा धातू नाही. झाकण्याची यंत्रणा तीच, प्रमाण फार मोठे. एक फरक मात्र नोंदवण्यासारखा आहे : कण लहान होत गेला की सोडियमचा प्रकाशीय अनुनाद तांबड्या बाजूला सरकतो आणि चांदीचा निळ्या बाजूला. लीब्श यांनी १९९३ मध्ये दिलेले कारण असे की कणाच्या कडेला वहन इलेक्ट्रॉन थोडे बाहेर सांडतात, आणि चांदीत त्या बाहेरच्या थरात झाकणारे ४डी इलेक्ट्रॉन पोहोचत नाहीत. चांदीविषयी स्वतंत्र धागा निघाला तर उत्तम.

वर्धा_रोड

सर, माझ्या प्रबंधात सीझियमचे परावैद्युत फलन संगणकावर काढायचे आहे. मार्गदर्शकांनी दिलेल्या स्यूडोपोटेन्शियलमध्ये एकच वहन इलेक्ट्रॉन आहे, बाकी सगळे गाभ्यात गोठवलेले आहेत. प्लाझ्मॉन प्रयोगापेक्षा बराच वर येतो. जाळीचे बिंदू कितीही वाढवले तरी तो हलत नाही.

घनावस्था_नागपूर

हलणार नाही, कारण गोठवलेला गाभा ध्रुवित होत नाही. तुमच्या गणितात दुसरी वाट पूर्ण आहे आणि पहिली बंद आहे. ५एस आणि ५पी हे आठ इलेक्ट्रॉन गणितात मोकळे ठेवलेले नऊ इलेक्ट्रॉनांचे स्यूडोपोटेन्शियल घ्या. मग गाभ्याचे ध्रुवण ५पी पासून रिकाम्या पट्ट्यांत होणाऱ्या संक्रमणांच्या रूपाने आपोआप येईल. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. ही संक्रमणे १२ इलेक्ट्रॉनव्होल्टपासून सुरू होऊन वरपर्यंत पसरलेली असतात, म्हणून रिकामे पट्टे भरपूर धरावे लागतात, नाहीतर ध्रुवण अर्धवटच मोजले जाते. आणि परावैद्युत मॅट्रिक्सचा पूर्ण व्यस्त काढावा लागतो, फक्त पहिला घटक घेऊन भागत नाही. वर ज्याला क्लॉझियस-मोसोट्टीची दुरुस्ती म्हटले ती त्या मॅट्रिक्सच्या बाकीच्या घटकांतच बसलेली असते.

धरमपेठ_निवृत्त

आणखी एक. स्यूडोतरंगफलनांवरून संवेगाचे मॅट्रिक्स घटक काढताना स्यूडोपोटेन्शियलच्या अस्थानिक भागाचा स्थानाशी असलेला कम्युटेटर मिळवायला विसरू नये. गाभ्यातल्या गाठी पुसून टाकलेल्या फलनाचा संवेग आणि मूळ फलनाचा संवेग एक नसतो. लिथियममध्ये एस आणि पी यांना वेगळे पोटेन्शियल भेटते, तिथे हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

घनावस्था_नागपूर

सरांची सूचना आधी अमलात आणावी. त्यानंतर माझा सल्ला असा की सीझियमचे गणित दोनदा करावे, एकदा ५पी गोठवून आणि एकदा मोकळा ठेवून, बाकी सर्व काही तंतोतंत तेच ठेवून. दोन प्लाझ्मॉनांमधले अंतर हा गाभ्याच्या ध्रुवणाचा वाटा, आणि गोठवलेल्या गणिताचे ३.५ पासूनचे अंतर हा मुख्यतः पट्ट्यांचा. मग तेच लिथियमसाठी १एस गोठवून आणि मोकळा ठेवून करावे. पहिले अंतर तिथे जवळजवळ शून्य यावे. ते तसे आले नाही तर रिकाम्या पट्ट्यांची संख्या पुन्हा तपासावी.